साईडकार, बॉबी आणि उद्यमनगरातलं आमचं गॅरेज

जुन्या मोटरसायकली परत चालू करून द्यायचं आमचं गॅरेज. तिथं नवीन माणूस आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतंय. "ते शोलेत आहे बघा, तसलं पाहिजे." मग मी विचारतो तसलं म्हणजे कसलं, तर 'ये दोस्ती' गाणं म्हणून दाखवतात, दोन्ही हात हँडलवर धरल्यासारखे करून. म्हणजे साईडकार, गाडीच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक. पंचावन्न-साठीतली माणसं हो. गाडीचं नाव विचारलं तर निम्मे जण बुलेट म्हणतात. ती बुलेट नव्हतीच, बीएसए या ब्रिटिश कंपनीची होती, डब्ल्यूएम२०, १९४२ चं मॉडेल. ब्रिटिश सैन्यासाठी बनवलेली पाचशे सीसीची, जुन्या साध्या साईड व्हॉल्व्ह इंजिनची गाडी, दिसायला रांगडी आणि पळायला निवांत. पण हे सांगितलं की गिऱ्हाईक हिरमुसतं, म्हणून आता पहिल्या चहाला मी सांगत नाही, दुसऱ्या चहाला सांगतो.

मी मूळचा टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारा. वडील शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, त्यामुळं लहानपण सगळं ओतीव लोखंडाच्या वासात गेलं. शाळा सुटली की लेथवर आणि रविवारी थेटरात, कोल्हापुरात दुसरं होतं तरी काय. मामांची बुलेट गोठ्यात वैरणीखाली अकरा वर्षं पडून होती, ती २००९ साली मी आणि चुलतभावानं बाहेर काढली. इंजिन जाम, टाकीत गंजाचा चिखल, सीटमध्ये उंदरांचा संसार. सात महिने लागले. चालू झाली त्या दिवशी मामा काही बोलले नाहीत, फक्त ॲम्पिअरचा काटा मधे आणून डिकम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा खटका, दाबला, किक हळूच खाली सरकवली, वर आणली आणि एका किकेत चालू करून निघून गेले, ते दीड तासानं आले. माझी पोटरी दोन महिने रिटर्न किक, म्हणजे उलट्या उसळणाऱ्या किकेचे फटके, खाऊन निळी होती आणि या माणसानं अकरा वर्षांनी एका किकेत! त्याच आठवड्यात ठरलं की हाच धंदा करायचा. २०११ ला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. मी इंजिन बघायचो, भाऊ डेंटिंग-पेंटिंग.

पहिली साईडकार आम्ही लग्नाच्या वरातीसाठी केली आणि तीच आमची सगळ्यात मोठी फजिती. पाईपची फ्रेम, वर पत्र्याची बॉडी, आतून लाल रेक्झिन, दिसायला नाद खुळा. नजरेनं बघून सरळ रेषेत जोडली आणि ट्रायलला रंकाळ्याकडं निघालो, भाऊ साईडकारमध्ये हात पसरून बसलेला. ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडं ओढायची, ब्रेक मारला की उजवीकडं पळायची, आणि डाव्या वळणाला साईडकारचं चाक भाऊसकट हवेत. समोर उसाच्या रसाचा गाडा होता. गाड्याला काही झालं नाही, आमचा मडगार्ड गेला, आणि रसवाल्या मावशींनी वर दोन ग्लासांचे पैसे पण घेतले.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं. दोन सरळ फळ्या घ्यायच्या, एक गाडीच्या दोन्ही चाकांना लावायची, एक साईडकारच्या चाकाला, आणि दोन फळ्यांमधलं पुढचं आणि मागचं अंतर मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा पाऊण इंचाच्या आसपास कमी पाहिजे, म्हणजे साईडकारचं चाक किंचित आत बघतंय असं. आणि गाडी स्वतः साईडकारपासून बाहेरच्या बाजूला जराशी कललेली पाहिजे, माणूस बसला की सरळ होते. एवढंच गणित, पण ते चुकलं की संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. शोलेत साईडकार सुटून वेगळ्या रस्त्यानं जाते आणि परत येऊन जोडली जाते, ते बघून हसू येतं आता, कारण आम्हाला ती नुसती जोडायलाच अख्खा दिवस लागतो.

मधे दोन-तीन वर्षं चॉपरचं खूळ होतं. ईझी रायडर हा पिक्चर आला १९६९ साली, तिकडं अमेरिकेत, आणि आमच्याकडं पोरं २०१४ ला त्याचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन यायची, पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारे दांडे, हातभर लांब, हँडल छातीएवढं वर. दोन केल्या आम्ही, खोटं कशाला बोलू. तिकडच्या सरळसोट हायवेवर ते शोभतं, बिंदू चौकातल्या गर्दीत हँडल नुसतं एका बाजूला कोसळतं आणि वळवायला चौक पुरत नाही. दुसऱ्या गाडीची चेसिस, म्हणजे मूळ सांगाडा, जोडावर चिरली. कुणाला लागलं नाही हे नशीब. त्या दिवसापासून चेसिस कापायचं काम बंद, कितीही पैसे देऊ देत. नंतर २०१९ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की कंपनीनं दिलेल्या रचनेत असले बदल चालणार नाहीत. साईडकार लावायची तरी आम्ही आधी आरटीओचे कागद बघतो, ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरीकडं जावं.

पैसे सगळ्यात जास्त बुडाले ते क्रोममध्ये. एका प्लेटिंगवाल्याकडं तीन गाड्यांचं सामान दिलं, त्यानं खड्डे न बुजवता, तांब्याचा थर न देता वरच्यावर चकाकी मारून दिली. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीये. ऑगस्टपर्यंत सायलेन्सरला पापुद्रे. तिन्ही गिऱ्हाइकांना आम्ही पदरचं घालून परत करून दिलं, ते वर्ष पूर्ण तोट्यात.

तारलं ते शूटिंगनं. जुन्या काळातल्या एका मालिकेला गाडी पाहिजे होती, आम्ही साठच्या दशकातल्या मॉडेलची बुलेट घेऊन गेलो, मी रात्रभर ट्यूनिंग केलेलं, ठिणगीचे पॉईंट नवीन, कार्ब्युरेटर धुतलेला, फटका असा की डग-डग-डग मोजून घ्यावा. तिकडं हिरोला किक जमेना. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला हे सांगितल्यावर तर तो बसायलाच घाबरला. शेवटी मी, भाऊ आणि दोन स्पॉटबॉय, चौघांनी मागून ढकलली आणि तो चेहऱ्यावर वारं लागल्यासारखं करून बसला. मी विचारलं आवाजाचं काय, तर म्हणाले आवाज नंतर टाकू. म्हणजे लहानपणी थेटरात ज्या आवाजावर मी जीव टाकला तो पण कुणीतरी नंतर टाकलेला असणार! दोन दिवस मला ते बोचत होतं. भाड्याचा चेक वटला तेव्हा थांबलं.

२०१८ च्या नोव्हेंबरात जावा मोटरसायकल परत बाजारात आली तेव्हा भाऊ म्हणाला आता शटर ओढायचं. रॉयल एनफिल्डची क्लासिक तर २००९ पासूनच होती, मग २०२२ ला येझदी, २०२३ ला चाकणमध्ये बनलेली ट्रायम्फ. जुनी दिसणारी, पण सेल्फ मारला की चालू होणारी, तेल न गळणारी गाडी शोरूममध्ये मिळत असेल तर आमच्याकडं कोण येणार? झालं उलटंच. पोरगा नवीन जावा घेतो, बाप तिच्यावरून एक चक्कर मारतो, आणि रविवारी बापलेक टेम्पोत घालून म्हैसूरची जुनी जावा आमच्या दारात, वीस वर्षं माळ्याखाली पडलेली. बाप सांगतो नवीन चांगली आहे ओ, पण किकच नाही. जुन्या जावाला किक आणि गिअरचा दांडा एकच, किक मारून झाली की तोच पुढं वळवून गिअर टाकायचा, ज्यानं ते केलंय त्याचा पाय अजून शोधतो. नव्या गाड्यांना मी नावं ठेवत नाही, लांबच्या प्रवासाला मी स्वतः क्लासिक काढतो.

आता व्हिंटेजचे नियम आल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांचं कामही वाढलंय. नवीन नोंदणीला वीस हजार फी, असल्या गाड्यांसाठीच्या वेगळ्या व्हीए सिरीजचा नंबर, पण चेसिस-इंजिन मूळचंच पाहिजे आणि रोज फिरवता येत नाही. भाजी आणायला न्यायची असेल तर ती सिरीज घेऊ नका, हे मी आधीच सांगतो.

सध्या स्टँडवर बॉबी आहे. राजदूत जीटीएस, १७५ ची, १९७३ च्या पिक्चरमुळं सगळे तिला बॉबीच म्हणतात. ठेंगणी, लहान चाकांची, खेळण्यासारखी. इंजिन साध्या राजदूतचंच असल्यामुळं पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा जुन्या बाजारात हिंडून मिळाल्या, पण टाकी आणि पत्रा? कुठंच नाही. मालकीणबाई सांगलीच्या आहेत, निवृत्त शिक्षिका, गाडी त्यांच्या मिस्टरांची, कॉलेजपासूनची. त्यांना हातात फोटो घेऊन रंग दाखवायचा होता, पण फोटो ब्लॅक अँड व्हाईट! भावानं टाकीच्या कॅपखाली रंग खरवडत खरवडत तीन थर काढले, सगळ्यात खालचा लाल निघाला. बाईंनी बघितला, म्हणाल्या हा नव्हे, मधला निळा, लग्नानंतर आम्ही दोघांनी मारलेला. आम्ही मूळ रंगाचा आग्रह धरणारे, पण निळाच ठरला.

टाकी पत्रेवाल्याकडं आहे. पुढच्या गुरुवारी देतो म्हणालाय, तिसऱ्यांदा.