टॉन्सिलनंतर मूल घरी आलं, की आधी चिठ्ठी वाचा

मे महिन्याच्या सुट्टीत बडोद्यात मुलांच्या टॉन्सिलची ऑपरेशनं बरीच होतात. घरी सोडताना मिळालेल्या चिठ्ठीवर ट्रॅमाडोल किंवा कोडीन ही दुखणं कमी करणारी तीव्र औषधं दिसली, तर दांडिया बाजारात औषधं घ्यायला जाण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा. अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए हिने 2017 साली ही दोन्ही 12 वर्षांखालच्या मुलांसाठी वर्ज्य ठरवली. टॉन्सिलनंतर तर 18 वर्षांपर्यंत नाहीच. काही मुलांच्या यकृतात कोडीनचं मॉर्फिन (आणखी तीव्र वेदनाशामक) फार झपाट्याने होतं, ट्रॅमाडोलचंही तसंच तीव्र रूप बनतं, आणि नेहमीच्या डोसनेही श्वास मंदावतो. टॉन्सिलमुळे घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना हा धोका जास्त.

म्हणून मूल कळवळत ठेवायचं, असं मुळीच नाही. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. मूल रडेपर्यंत थांबू नका, पहिले तीन-चार दिवस घड्याळ बघूनच द्या. 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम लागतं. घोळ होतो तो इथेच: एका बाटलीत 5 मिलित 120 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250. पहिलीचे 10 मिलि बरोबर, दुसरीचे 10 मिलि म्हणजे दुप्पट. आजी वेगळ्या बाटलीतून देणार असतील तर त्यांना आकडा लिहूनच द्या. घरातला चमचा नको, सुई नसलेली सिरिंज वापरा.

सर्जनने हो म्हटलं तर जोडीला आयबुप्रोफेन: किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, काहीतरी खाल्ल्यावर. दमा, किडनीचा आजार असेल किंवा मूल पाणीच पीत नसेल, तर विचारल्याशिवाय नको. ‘प्लस’वाल्या सिरपमध्ये बहुधा दोन्ही औषधं एकत्र असतात, त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं की ते दोनदा पोटात जातं.

हाडांच्या मोठ्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये, बोटाला ऑक्सिमीटर लावून मॉर्फिन देत असतील, तर घाबरून नकार देऊ नका. तिथे ते योग्यच आहे.

टॉन्सिलचं दुखणं पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा वाढतं, कानातही ठणकतं. खपली सुटत असते, औषध फसलेलं नसतं. पण थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं, मूल हलवूनही नीट जागं होईना, श्वास संथ किंवा घरघरता झाला, ओठ निळसर पडले, तर लगेच 108 लावा आणि कोणतं औषध किती वाजता दिलं, तो कागद बरोबर घ्या.