तुम्ही विचारलंत म्हणून: 'अँड'च्या दोन्ही बाजू सारख्या का लागतात?

मी दिवसभर इतरांचं इंग्रजी तपासते. अहवाल, अर्ज, प्रस्ताव, पत्रं. तपासलेला मजकूर परत गेला की थोड्या वेळाने हमखास प्रश्न येतो, 'अर्थ तर कळत होता, मग वाक्य का बदललंत?' किंवा जरा वैतागून, 'ते पॅरलल स्ट्रक्चर म्हणजे नक्की काय, एकदाच नीट सांगून टाका.' तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

पुस्तकी उत्तर बहुतेकांना पाठ असतं. 'अँड', 'बट', 'ऑर' अशा उभयान्वयी अव्ययांनी जोडलेले भाग एकाच जातीचे हवेत. नामाला नाम, विशेषणाला विशेषण, आयएनजीला आयएनजी. उदाहरणही ठरलेलं: 'शी लाइक्स रीडिंग, पेंटिंग अँड टु स्विम' चूक, 'रीडिंग, पेंटिंग अँड स्विमिंग' बरोबर. हे उत्तर खोटं नाही, पण फारसं कामाचंही नाही. असं उघड्यावर पडलेलं 'टु स्विम' कुणालाही दिसतं. खऱ्या चुका होतात त्या लांबलचक वाक्यांत. दुसऱ्या भागापर्यंत पोचेपर्यंत पहिला कसा सुरू केला होता, हेच लिहिणारा विसरलेला असतो.

मला हा नियम शाळेतल्या बीजगणितातून जास्त चांगला कळतो. 'सामाईक काढणं' आठवतंय? अब + अक म्हणजे अ(ब + क). बाहेरचा अ कंसातल्या प्रत्येक पदाला लागतो. 'अँड'ने जोडलेलं वाक्यही तसंच असतं. काही शब्द सामाईक म्हणून बाहेर काढलेले, बाकीचे कंसात. मग तपासायचं कसं, तर कंस सोडवायचा.

'द न्यू सिस्टिम इज फास्ट, रिलायबल अँड सेव्ह्ज टाइम.' अशी वाक्यं माझ्याकडे सतत येतात. 'इज' बाहेर ठेवून कंस सोडवा. 'इज फास्ट', ठीक. 'इज रिलायबल', ठीक. 'इज सेव्ह्ज टाइम', कोसळलं. लिहिणाऱ्याला तीन गुण सांगायचे होते, म्हणून त्याने तिघांना एका रांगेत उभं केलं. पण दोन विशेषणं आहेत आणि तिसरं क्रियापद. यावर माझा लाडका उपाय म्हणजे आणखी एक 'अँड' घालणं: 'इज फास्ट अँड रिलायबल अँड सेव्ह्ज टाइम'. आतला छोटा कंस विशेषणांचा, बाहेरचा मोठा क्रियापदांचा. दोन 'अँड' लागोपाठ आले की लोक घाबरतात आणि एक खोडून स्वल्पविराम टाकतात. चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

गंमत म्हणजे पुस्तकातलं ते 'टु स्विम' या कसोटीत पास होतं. 'शी लाइक्स टु स्विम' हे स्वतंत्रपणे धडधडीत बरोबर आहे. म्हणून मी या चुकांचे दोन दर्जे मानते. एकात कंस सोडवला की वाक्य मोडतं. तिथे सोडायचं नाही. दुसऱ्यात वाक्य उभं राहतं, फक्त चाल बिघडते, वाचणाऱ्याला क्षणभर ठेच लागते. तीही मी दुरुस्त करते, पण त्यासाठी कुणाशी भांडत बसत नाही.

सामाईक भाग नेहमी डावीकडेच असतो असं नाही, आणि उजवीकडचा पटकन ध्यानात येत नाही. 'वुई हॅव अँड विल सपोर्ट धिस स्कीम' हे वाक्य कानाला अगदी भारदस्त लागतं. सोडवलं की 'वुई हॅव सपोर्ट धिस स्कीम' असं काहीतरी हाती येतं. तिथे 'हॅव सपोर्टेड अँड विल सपोर्ट' असं दोन्ही रूपांनिशीच लिहावं लागतं. शब्दयोगी शब्दांचंही तेच. 'इंटरेस्टेड अँड कमिटेड टु धिस वर्क' सोडवलं तर 'इंटरेस्टेड टु' उरतं. हवं 'इंटरेस्टेड इन अँड कमिटेड टु'. जरा खडबडीत वाटतं खरं, पण पर्याय नाही. फारच टोचलं तर वाक्य फिरवायचं.

आता जोडीने येणाऱ्या शब्दांकडे येते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं घोडं तिथेच अडलेलं असतं. 'बोथ–अँड', 'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो'. एकट्या 'अँड'मध्ये कंस कुठे उघडला हे लिहिलेलं नसतं. वाचणारा 'अँड'नंतर काय आलंय ते बघतो आणि त्याच्या जोडीचं मागे काय सापडतं ते शोधतो. यात गोंधळालाही वाव राहतो. 'ओल्ड मेन अँड विमेन' म्हटल्यावर बायकाही म्हाताऱ्या की फक्त पुरुष? 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' ही दोन्ही पदं सांभाळणारी एकच व्यक्ती असू शकते. ट्रेझररच्या आधी आणखी एक 'द' घातला की सहसा दोन व्यक्ती होतात. जोडीच्या शब्दांत मात्र ही मोकळीक नाही. तिथे पहिला शब्द हाच उघडणारा कंस. तो लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने ठेवलेला असतो, त्यामुळे चुकीच्या जागी पडला तर लगेच उघडा पडतो.

'ही नॉट ओन्ली स्पीक्स फ्रेंच बट ऑल्सो जर्मन.' इथे कंस 'स्पीक्स'च्या आधी उघडलाय. म्हणजे 'बट ऑल्सो'नंतरही क्रियापद यायला हवं, आणि आलंय भाषेचं नाव. दोन वाटा आहेत. एक तर कंस पुढे सरकवा, 'ही स्पीक्स नॉट ओन्ली फ्रेंच बट ऑल्सो जर्मन'. नाहीतर पुढे क्रियापद आणा, 'ही नॉट ओन्ली स्पीक्स फ्रेंच बट ऑल्सो रीड्स जर्मन'. बोलताना ज्यांची मातृभाषा इंग्रजी तेही पहिलं वाक्य सर्रास बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. लिहिताना मात्र टाळावं.

ही चूक आपल्याकडून एवढी का होते? मला वाटतं, मराठीत ती करायची संधीच मिळत नाही. 'ती फ्रेंचच नाही, तर जर्मनही बोलते.' क्रियापद शेवटी, कंसाच्या पार बाहेर. 'च' आणि 'ही' ज्याचे त्याला चिकटलेले. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन बसतं आणि 'ओन्ली'ला त्याच्या आधी जाऊन बसायची खोड आहे. 'नॉट ओन्ली'ही त्याच्यामागोमाग तिथे जातं.

'बोथ'चा घोळ बहुतेक वेळा शब्दयोगी शब्दापाशी होतो. 'बोथ इन थिअरी अँड प्रॅक्टिस' नको. 'इन बोथ थिअरी अँड प्रॅक्टिस' चालेल, 'बोथ इन थिअरी अँड इन प्रॅक्टिस'ही चालेल. 'आयदर'चंही तसंच: 'यू मस्ट आयदर पे नाऊ ऑर यू मस्ट लीव्ह' याऐवजी 'यू मस्ट आयदर पे नाऊ ऑर लीव्ह'.

एवढ्यावर कुणीतरी विचारतंच, 'या बारकाव्यांनी खरोखर काही फरक पडतो का?' तेव्हा मी अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला सांगते. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमच्या पैशांसाठी दावा लावला होता. नाशवंत माल आणि शेतमाल यांच्याशी संबंधित काही कामांना राज्याच्या कायद्याने ओव्हरटाइममधून वगळलं होतं. त्या कामांची यादी अशी: 'कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्रायिंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. ड्रायव्हर माल पोचवत होते, पॅक करत नव्हते. म्हणजे सगळा प्रश्न कंस कुठे उघडतो याचाच. 'डिस्ट्रिब्यूशन' हे यादीतलं स्वतंत्र काम असेल तर ड्रायव्हरांना पैसे नाहीत. 'पॅकिंग फॉर' बाहेर आणि 'शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' कंसात असेल, तर वगळलंय ते फक्त पॅकिंग, आणि ड्रायव्हरांना पैसे मिळतात.

हा खटला गाजला तो 'ऑर'च्या आधी नसलेल्या स्वल्पविरामामुळे. पण ड्रायव्हरांचा दुसरा मुद्दा आपल्या विषयातला आहे आणि मला तोच जास्त आवडतो. यादीतलं प्रत्येक काम आयएनजीचं आहे, मग 'डिस्ट्रिब्यूशन'च तेवढं वेगळं कसं? त्याची जात 'शिपमेंट'शी जुळते, म्हणजे ते 'शिपमेंट'च्याच कंसातलं. कंपनीचं उत्तरही तोलामोलाचं होतं. तसं वाचलं तर 'पॅकिंग' हे यादीतलं शेवटचं काम ठरतं आणि त्याच्या आधी 'अँड' किंवा 'ऑर' काहीच उरत नाही. अशी यादी कोण लिहितं? १३ मार्च २०१७ रोजी अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला. अशा संदिग्ध तरतुदीचा अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा असल्याने निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने गेला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला तडजोड झाली. नंतर कायदा दुरुस्त करताना स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण 'डिस्ट्रिब्यूशन' काढून तिथे 'डिस्ट्रिब्यूटिंग' घातलं गेलं, याची फारशी चर्चा झाली नाही.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळं एकाच साच्यात घालायला लागतात. त्याचीही गरज नसते. 'शी स्पोक स्लोली अँड विथ ग्रेट केअर' यात एकीकडे क्रियाविशेषण, दुसरीकडे चांगला तीन शब्दांचा समूह. तरी कंस सोडवा, दोन्ही नीट लागतात. दोन्ही 'कशी बोलली' याचंच उत्तर देतात. 'ही इज अ डॉक्टर अँड प्राउड ऑफ इट' यात नाम आणि विशेषण शेजारी बसलेत आणि वाक्य छान आहे. दिसण्यातला सारखेपणा म्हणजे काम सारखं असल्याची खूण, एवढंच. लांबीही सारखी लागत नाही. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'लाइफ, लिबर्टी अँड द परसूट ऑफ हॅपिनेस' आहे. एक शब्द, एक शब्द, मग चार. त्या चारांना कुणी एका शब्दात कोंबलं असतं तर ओळ लंगडी पडली असती.

उलट, व्याकरण तंतोतंत जुळूनही अर्थाने उडी मारता येते. 'ही लॉस्ट हिज कीज अँड हिज टेम्पर.' किल्ल्या आणि डोकं, दोन्ही एकाच 'लॉस्ट'ला टांगलेलं. हे मुद्दाम केलं तर विनोद. सरकारी अहवालात चुकून झालं तरी विनोदच, फक्त हसणारे वेगळे.

तुलनेत 'दॅन' येतो तिथेही हीच कसोटी लावा. 'इट इज ईझियर टु क्रिटिसाइझ दॅन क्रिएटिंग' नको, 'दॅन टु क्रिएट' हवं.

एक जागा मात्र लोक तपासायला विसरतातच. बायोडेटा आणि अहवालांतले बुलेट पॉइंट. तिथे 'अँड' नसतो, म्हणून नियमही नाही असं वाटतं. पण वरची ओळ, समजा 'माय ड्युटीज इन्क्लूडेड', हीच कंसाबाहेरची. तिच्याखाली पहिला मुद्दा 'ट्रेनिंग न्यू स्टाफ', दुसरा 'प्रिपेअर्ड मंथली रिपोर्ट्स', तिसरा 'आय ऑल्सो हँडल्ड कंप्लेंट्स' असं सुरू असतं. वरची ओळ प्रत्येक मुद्द्याच्या आधी लावून मोठ्याने वाचा. दुसऱ्याच मुद्द्याला जीभ अडखळेल. तिथे 'प्रिपेअरिंग' करा, तिसऱ्यातलं 'आय ऑल्सो' उडवून 'हँडलिंग' करा, आणि मग माझ्याकडे पाठवा.