नळावरचा माणूस

मामेबहिणीच्या लग्नाची कामं वाटली गेली तेव्हा मी नेमका उशिरा पोचलो. फुलं गेली होती, गाणी गेली होती, पाहुण्यांना आणण्या-सोडण्याचं कामही एका उत्साही आतेभावानं पटकावलं होतं. उरली होती रिसेप्शनची बिअर. ती कुणी घेत नव्हतं, कारण घेणाऱ्याला आयुष्यभर "याला बरं यातलं कळतं" हे ऐकावं लागणार होतं. मामा म्हणाले, "तू बघ रे. केग, म्हणजे बिअरचं नळ लावायचं पिंप, आणायचा की बाटल्या, एवढंच तर ठरवायचंय."

"एवढंच तर" म्हणून जे काम गळ्यात पडतं ते कधीच एवढंसं नसतं, हे मला त्या वयात कळायला हवं होतं.

आकडेमोड मात्र सोपी निघाली. मोठा केग 50 लिटरचा. 330 मिलिलिटरच्या बाटल्या धरल्या तर त्यात दीडशे बसतात. माणशी पहिल्या तासाला दोन आणि पुढे तासाला एक असा एक ढोबळ ठोकताळा असतो, त्यातून न पिणारे, गाडी चालवणारे आणि "फक्त चव बघतो" म्हणणारे वजा करायचे. (शेवटच्या गटाला वजा करू नये, हे मी नंतर शिकलो.) हिशेबात केग स्वस्त, सुटसुटीत, कचराही नाही. पण भरलेला केग साठ किलोंच्या वर जातो आणि तो उचलायची वेळ आली की घरातल्या सगळ्या तरुण मंडळींची पाठ एकाच दिवशी दुखते.

बाटलीचं बरं असतं. उरली तर न उघडता परत जाते, नाहीतर कपाटात पडून राहते. केग एकदा उघडला की उघडला. त्यातही हातपंपाचा असेल तर प्रत्येक दट्ट्यासरशी आत हवा जाते, हवेतल्या ऑक्सिजननं बिअर बिघडते आणि दुसऱ्या दिवशी ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. कार्बन डायऑक्साइडची टाकी जोडली तर तोच केग थंड जागी काही आठवडे टिकतो. पण लग्न काही आठवडे चालत नाही, त्यामुळे टाकीवाल्याचं हे कौतुक मी मान डोलावून ऐकलं आणि सोडून दिलं.

बाटलीच्या झाकणाला एकवीस दाते असतात. विल्यम पेंटर नावाच्या माणसानं 1892 मध्ये या झाकणाचं पेटंट घेतलं, तेव्हा ते चोवीस होते. मी मोजून खात्री केली आहे, कारण ठरवाठरवीच्या त्या आठवड्यात माझ्याकडे नमुन्याच्या बाटल्या होत्या आणि घरचे सारखे विचारत होते, "मग, ठरलं का?" मोजताना माणूस कामात दिसतो.

शेवटी दोन्ही ठरलं: एक केग आणि शिवाय थोड्या बाटल्या. धरसोड वृत्तीला व्यवस्थापनात "पर्यायी नियोजन" म्हणतात.

बाटल्यांचं काम बिनबोभाट झालं. एक मोठं टब, त्यात बर्फ आणि बर्फाच्या जोडीला पाणी. नुसत्या बर्फात बाटली चार ठिकाणी टेकते, पाण्यात ती सगळीकडून गार होते. पण हे पटवताना माझा आतेभावाशी अर्धा तास गेला. तो पाणी ओतू देईना. त्याच्या मते मी बर्फ वाया घालवत होतो. टब सावलीत ठेवायचं हेही मी बजावलं, कारण उजेड लागला की हॉप्समधल्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांमधल्या) कडवट द्रव्याची मोडतोड होते आणि बिअरला एक उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच तो उजेड बराच अडवते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. आमच्या बाटल्या अर्थातच हिरव्या होत्या. मामींना त्या टेबलाच्या सजावटीशी जुळताना दिसल्या होत्या.

केगनं मात्र इंगा दाखवला. गाडीतून हिंदकळत आलेल्या केगला निदान काही तास शांत बसू द्यावं लागतं. आमचा आला कार्यक्रमाच्या तासभर आधी. देणाऱ्यानं तो दारात टेकवला, सही घेतली आणि दिसेनासा झाला. मी त्याला बर्फात बसवला, नळी जोडली, नळ उघडला. फेस. ग्लासभर फेस, तळाला बोटभर बिअर. दुसरा ग्लास, तेच. पांढऱ्याशुभ्र ग्लासांची रांग लागली, जणू मी दाढीचं सामान वाटतोय.

आता भोवती तज्ज्ञ जमले. एक काका म्हणाले, दाब कमी कर. केला, तर फेस वाढला. हे उलटं वाटतं, पण आहे असंच: दाब उतरला की बिअरमध्ये विरघळलेला वायू नळीतच सुटायला लागतो. दुसरे म्हणाले, नळ जरासाच उघड, हळूहळू. तेही उलटंच, अर्धवट उघडलेल्या तोंडातून बिअर घुसळत येते. नळ उघडायचा तो एका झटक्यात, पूर्ण.

मग माझं लक्ष नळीकडे गेलं. केग बर्फात गारठला होता आणि हातभर नळी उन्हात पडली होती. तीन-चार अंशांवरची बिअर त्या गरम नळीत शिरत होती आणि वायू सैरावैरा पळत होता. बर्फाचं पाणी, त्यात भिजवलेला टॉवेल, टॉवेलात नळी. वीस मिनिटं कुणालाही नळाला हात लावू दिला नाही. मग साध्या गार पाण्यानं ग्लास विसळला (साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर उलट फेस टिकतच नाही), पंचेचाळीस अंशांत तिरका धरला, नळ पूर्ण उघडला. बिअर काचेवरून सरकत आली, सोनेरी, गुपचूप. अर्ध्यावर ग्लास सरळ केला. वर दोन बोटं फेस. काका म्हणाले, "बघ, मी सांगितलं तसं केलंस ना!"

त्यानंतर मला नळ सोडता आला नाही. केगबद्दल कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट ही, की त्याला एक माणूस लागतो. बाटली ज्याची तो उघडतो आणि कोपरा धरतो. केगपाशी रांग लागते, आणि रांगेत उभा असलेला माणूस बोलतो. दोन्हीकडची माणसं, जी एरवी आपापल्या टेबलांवर बसून एकमेकांचे कपडे न्याहाळत बसली असती, ती रिकामे ग्लास हातात घेऊन एकमेकांना "तुम्ही कुणाकडचे?" विचारत होती. मुलाचे चुलते तर तीनदा आले. त्यांना मी सांगितलं की इंग्रजीतला 'ब्रायडल' हा शब्द मुळात नवरी आणि एल, म्हणजे बिअर, या दोन शब्दांचा जोड आहे. लग्नाच्या मेजवानीलाच तसं म्हणत. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्टही 1810 मधल्या एका लग्नातून सुरू झाला, बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझा यांच्या. ते म्हणाले, "म्हणजे ते लग्न अजून चालूच आहे!" आणि चौथ्यांदा ग्लास पुढे केला.

मी भाषणं ऐकली नाहीत. नाच लांबून पाहिला. बहीण मात्र मधेच, साडी सावरत, नळापाशी आली आणि म्हणाली, "दादा, फेस नको हं." मी तरी दोन बोटं ठेवलाच.

रात्री उशिरा नळानं दोनदा ठसका दिला आणि नुसती हवा सोडली. केग आता एका हातानं हलत होता. टबात बाटल्या जवळजवळ तशाच होत्या, लेबलं सुटून पाण्यावर तरंगत होती. आतेभाऊ म्हणाला, "तरी मी सांगत होतो, पाणी ओतू नकोस."

फोटो आले ते महिन्यानं. सहाशे फोटोंत मी कुठेच नाही. एकात, अगदी कडेला, एक हात तेवढा दिसतो. मामा म्हणतात तो वाढप्याचा. मी मोठा करून पाहिला. ग्लास बरोब्बर पंचेचाळीस अंशांत आहे.