केंडल ते स्पार्टा, ४२ किलोमीटर आणि तीन बोगदे

पहाटे पावणेसहाला नवऱ्याने केंडलच्या जुन्या स्टेशनसमोर सोडलं आणि "संध्याकाळी स्पार्टाला भेटू" म्हणून तो गेला, गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. स्टेशन अजून जसंच्या तसं उभं आहे, फक्त आता तिथे ट्रेन येत नाही. विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ट्रेल म्हणजे १८७३ साली पूर्ण झालेली रेल्वे लाइन, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नची. लाइन बंद पडल्यावर रूळ उचलले, त्या जागेवर चुनखडीची बारीक कच दाबून बसवली आणि १९६० च्या दशकात ती चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना मोकळी झाली. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या रेल-ट्रेल्समधली ही एक. पूर्ण अंतर साधारण ५२ किलोमीटर, मी त्यातले ४२ घेतले.

रेल्वेची वाट चालायला कशी असते हे मला नीट सांगायचंय, कारण "सपाटच आहे ना, मग सोपं" असं सगळे म्हणतात. इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून लाइन टाकणाऱ्यांनी टेकडी आली तर कापली, खोलगट भाग आला तर भराव घातला, आणि अगदीच अडलं तिथे बोगदा खणला. त्यामुळे दिवसभर चढ-उतार आहेत हे पायांना कळतच नाही. आणि तिथेच खरी परीक्षा आहे. डोंगरात चढताना मांड्या दुखतात, उतरताना गुडघे, म्हणजे एकाला काम तेव्हा दुसऱ्याला विश्रांती, इथे मात्र पाऊल पहिल्या मिनिटाला जसं पडतं तसंच दहाव्या तासाला, तोच स्नायू, टाचेची तीच जागा, हजारो वेळा. मी दर तासाला थांबून बूट-मोजे काढायचे, पाय पाच मिनिटं वाऱ्यावर, आणि जिथे गरम लागतंय तिथे फोड यायच्या आधीच टेप. फोड आल्यावर टेप लावून फार उपयोग नसतो, प्लीज हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सरळ पट्ट्यांची. समोर एक झाड दिसतं, आपण चालतो चालतो चालतो आणि ते झाड तिथेच. पहिल्या दोन तासांत याने जीव अगदी कासावीस झाला. मग मी लांब बघणं सोडलं, आणि कडेची ओली भिंत, तिच्यावरचं शेवाळं, नेच्याची पानं असं हाताच्या अंतरावरचं बघत चालले, आणि मग वेळ कसा गेला ते खरंच कळलं नाही.

केंडल-विल्टनमध्ये पहिला बोगदा, विल्टन-नॉरवॉकमध्ये दुसरा, दोन्ही साधारण अर्धा किलोमीटर. तोंडाशी जुने प्रचंड लाकडी दरवाजे आहेत. थंडीत आतलं पाणी गोठून खडक फुटू नये म्हणून हे दरवाजे बंद ठेवायचे आणि गाडी आली की पहारेकरी ते उघडायचा, गाडी गेली की पुन्हा लावायचा. बर्फात, रात्री-बेरात्री, एकटा माणूस. मी त्या दरवाज्याला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

तिसरा बोगदा नॉरवॉकच्या पुढे. ३,८१० फूट, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त, खणायला तीन वर्षं लागली होती. तोपर्यंत माझे सत्तावीसेक किलोमीटर झाले होते आणि बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं, आणि तोंडाशी पोचल्यावर आतून जी थंड हवा आली ना, अंगावर सर्रकन काटा. जॅकेट घातलं, हेडलॅम्प लावला. बोगद्यात सायकल चालवायला मनाई आहे, सगळ्यांना उतरून चालावं लागतं, आणि माझ्या मागून एक वयस्कर गृहस्थ आले त्यांच्या टॉर्चची बॅटरी अगदी मंद झाली होती. त्यांनी विचारलं तुमच्या उजेडात आलो तर चालेल का, म्हटलं या ना. मग आम्ही दोघं, मध्ये त्यांची सायकल, वरून पाणी टपटप डोक्यावर, दोन्ही कडांनी वाहत्या पाण्याचा आवाज, आणि बोललो फार नाही. मध्यावर मी त्यांना विचारून दिवा बंद केला. डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. इतका अंधार मी त्याआधी अनुभवला नव्हता, आणि भीती नाही वाटली, शेजारी कुणीतरी श्वास घेतंय एवढं पुरत होतं.

पलीकडे बाहेर आलो, त्यांनी थँक्यू म्हटलं, सायकलवर बसले आणि दोन मिनिटांत ठिपका झाले. सकाळपासून कितीतरी सायकली मला मागे टाकून गेल्या होत्या, पण ती वीसेक मिनिटं मात्र तेही माझ्याच चालीने चालले, याचं मला फार बरं वाटलं.

शेवटचे चौदा किलोमीटर मात्र कठीण गेले. हळूच उतार आहे, दिसत नाही पण बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात, लेस घोट्यापाशी घट्ट बांधून घेतल्यावर थोडं बरं वाटलं. पाणी पुरलं, खाणं उरलं. साडेपाचला स्पार्टा.

नवरा बाकावर बसला होता, मी शेजारी बसून आधी बूट काढले. दोन्ही पायांच्या घोट्यापर्यंत पांढुरकी धूळ आणि वर मोज्यांची स्पष्ट रेघ. एलरॉय ते केंडल हा दहा किलोमीटरचा तुकडा राहिलाय, तो पानं रंगली की करणार.