न्येरीचं ‘पॅक्सटू’: जाताना आपल्या पथकाचा स्कार्फ न्या

दारातल्या माणसाने डावा हात पुढे केला आणि माझा उजवा आधीच निघाला होता. दोन्ही हात मध्येच थबकले. तो हसला, आणि मला एकदम शाळेचं मैदान आठवलं: स्काऊट हस्तांदोलन करतो ते डाव्या हाताने! घरी लहानपणापासून ‘डावा हात पुढे करू नकोस’ ऐकलेलं, त्यामुळे शाळेतही ही सवय लागायला पहिला सोपान, म्हणजे स्काऊट अभ्यासाची पहिली पायरी, संपावा लागला होता.

जागा केनियातली. नैरोबीच्या उत्तरेला साधारण 150 किलोमीटरवर न्येरी गाव आहे. तिथल्या आउटस्पॅन हॉटेलच्या आवारात ‘पॅक्सटू’ नावाचं एक छोटं घर आहे. बीपी, म्हणजे स्काऊट चळवळ सुरू करणारे ब्रिटिश सेनानी रॉबर्ट बेडन-पॉवेल, 1938 पासून इथे राहिले आणि 8 जानेवारी 1941 रोजी इथेच गेले. हॉटेल तेव्हा वॉकर नावाच्या गृहस्थांचं, आणि हे वॉकर एके काळी बीपींचे खासगी सचिव होते. इंग्लंडमधल्या बीपींच्या घराचं नाव पॅक्स हिल. त्यावरून हे दुसरं ‘पॅक्स’, म्हणून पॅक्सटू. स्वाहिलीत ‘टू’ म्हणजे ‘फक्त’, तेव्हा ‘फक्त शांतता’ असाही अर्थ लागतो. म्हातारपणीही शब्दांचे खेळ सुटले नव्हते म्हणायचे.

आता तिथे संग्रहालय आहे, पण शब्द ऐकून मोठी दालनं डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडच्या शाळेच्या स्काऊट खोलीची थोरली बहीण म्हणा. जुने फोटो आहेत, बॅज आहेत आणि स्कार्फ तर जिकडे बघावं तिकडे. जगभरातून आलेल्या स्काऊट-गाइडनी आपापल्या पथकाचे स्कार्फ, पट्ट्या आणि बॅज इथे ठेवले आहेत आणि अजून ठेवतात. बीपींच्या वस्तू बघायला म्हणून मी गेलो होतो, पण वेळ गेला तो या अनोळखी पोरांच्या कापडांसमोर. एकेका स्कार्फवर घडीच्या रेघा अजून दिसतात. कुणीतरी तो शिबिरात घातला असेल, त्यानेच पातेलं उतरवलं असेल, जखम बांधली असेल. वुड बॅजचे, म्हणजे स्काऊट शिक्षकांच्या वरच्या प्रशिक्षणानंतर मिळणारे, लाकडी मणी दिसले की आपल्याकडच्या ‘हिमालय वुड बॅज’वाल्या सरांची ताठ मान आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या सरांनी ते मणी कधी कुणाला हात लावू दिले नाहीत.

मी तासभर देवनागरी अक्षरं शोधत होतो. मला दिसली नाहीत. आणि माझा स्वतःचा स्कार्फ? पुण्याहून मुद्दाम इस्त्री करून आणलेला, आणि राहिला नैरोबीत मामेभावाच्या कपाटात. म्हणून हे लिहितोय. जाणार असाल तर स्कार्फ मोठ्या बॅगेत नको, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. त्यावर शाळेचं नाव, गाव आणि वर्ष पक्क्या शाईने किंवा दोऱ्याने घाला. नुसतं कापड दिलंत तर दहा वर्षांनी ते कुणाचं हे कोण सांगणार?

एक गोष्ट मला जायच्या आधी नीट माहीत नव्हती. बीपींनंतर याच घरात जिम कॉर्बेट आपली बहीण मॅगी हिच्याबरोबर राहिले. वाघांच्या गोष्टी मराठीत वाचून वाढलेल्यांना हे कळलं की व्हरांड्यात पाच मिनिटं जास्त बसावंसं वाटतं.

बीपी आणि कॉर्बेट, दोघांच्याही कबरी गावातल्या सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहेत. कॉर्बेट 1955 साली गेले. बीपींच्या शिळेवर एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका आहे. स्काऊटमध्ये माग काढायच्या खुणा शिकलेल्याला वेगळं सांगायला नको: ‘मी घरी गेलो आहे.’ पत्नी ओलेव्ह यांच्या अस्थी 1977 नंतर इथेच आणल्या. नवरा-बायकोचा वाढदिवस एकच, 22 फेब्रुवारी, म्हणजे आपला स्काऊट-गाइडांचा चिंतन दिन. त्या दिवसाच्या आसपास केनियातले स्काऊट इथे मोठ्या संख्येने जमतात. गर्दीत रमणाऱ्यांनी तेव्हा जावं. मला रिकामी दफनभूमी बरी वाटली.

न्येरीत गेलात तर एवढंच बघून परतू नका. हा किकुयू समाजाचा मुलूख आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ लढ्याचे नेते देदान किमाथी 1956 मध्ये याच भागात पकडले गेले, खटला न्येरीतच चालला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांना फाशी झाली. गोऱ्या सेनानीची निवांत झोपडी आणि हा इतिहास एकाच गावात आहे. रुरिंगूला, जुन्या नेटिव्ह कोर्टाच्या इमारतीत न्येरीचं संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा.

आता व्यवहाराचं. नैरोबीहून मताटूने, म्हणजे आपल्या वडाप जीपच्या चुलत भावाने, तीनेक तास लागतात. सकाळी लवकर निघा. माउंट केनिया सकाळीच मोकळा दिसतो, दुपारी ढग त्याला गिळतात. मार्च ते मे पावसाचे, ते टाळा. गाव उंचावर आहे, स्वेटर हवाच. पॅक्सटू हॉटेलच्या आवारात असल्याने आदल्या दिवशी फोन करून ते उघडं असेल ना हे विचारा. खाण्याची शाकाहाऱ्यांना चिंता नको: चपाती तिथेही चपातीच, सोबत गिथेरी (मका आणि घेवडा) किंवा सुकुमा विकी ही पालेभाजी. पैसे जो तो फोनवरून एम-पेसाने देतो, तुम्ही थोडे शिलिंग रोख ठेवा.

व्हिसाऐवजी आता ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, ऑनलाइन काढावी लागते. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावर तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकांचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत होतं.

स्कार्फ मामेभावाकडेच आहे. तो डिसेंबरात न्येरीला जाणार आहे म्हणतो.