निळा धागा कशाचा?

ऐरोलीच्या खाडीकाठचा चिखल ओहोटीच्या वेळी स्टीलच्या डब्यात भरून आणतो, तेव्हा त्यात मायक्रोप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान कण, असणार हे जवळपास गृहीतच असते. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि इथले रोहित पक्षी याच चिखलातून अन्न गाळून खातात. म्हणूनच या चिखलाविषयी लिहिलेला प्रत्येक आकडा खरा असावा, असे मला फार वाटते.

आकडा चुकतो तो पहिल्याच पायरीवर. वाळवलेला चिखल मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळला की हलके प्लास्टिक वर येते. या द्रावणाची घनता साधारण १.२ असते, पॉलिथीन सहज तरंगते, पण १.३८ घनतेचे पॉलिस्टर तळाशीच राहते. कपडे धुताना सुटणाऱ्या कृत्रिम धाग्यांत पॉलिस्टरचे धागे बरेच असल्याने त्यांच्यासाठी झिंक क्लोराइडचे जड द्रावण घ्यावे लागते. मिठावर भागवून ‘धागे कमी आढळले’ असे लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडने पानाफुलांचा कुजका अंश काढून टाकायचा, द्रावण गाळायचे आणि गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. गेल्या महिन्यात असाच एक निळा धागा दिसला. जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी, रंग एकसंध, पेशींची रचना कुठेही नाही. मी वहीत ‘प्लास्टिक’ असे लिहून मोकळी झाले. पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो यावरून तो ओळखणाऱ्या एफटीआयआर यंत्रावर मात्र त्याच्या आलेखात ३३०० (प्रति सेंटिमीटर) च्या आसपास रुंद उंचवटा आणि १०३० जवळ ठळक शिखर आले. ही सेल्युलोजची, म्हणजे कापूस किंवा व्हिस्कोससारख्या धाग्याची खूण, प्लास्टिकची नव्हे. शेजारच्या पॉलिथीनच्या तुकड्यात २९१५ आणि २८४८ ही जोडशिखरे तर होतीच, शिवाय १७१५ जवळ एक बारीक शिखरही होते. उन्हात प्लास्टिकचे ऑक्सिडीकरण झाले की ते उमटते, म्हणजे तो तुकडा बराच काळ उघड्यावर पडून असावा.

हवेतून पडणारे धागे टिपण्यासाठी त्या दिवशी टेबलावर उघडा ठेवलेला कोरा, ओला गाळणकागद मग मुद्दाम तपासला. त्यावरही तसेच दोन निळे धागे होते. धागा खाडीतून आला की आमच्या कपड्यांवरून, हे आता ठरवता येणार नव्हते. वहीतली मूळ नोंद मी खोडली नाही. तिच्यापुढे ‘सेल्युलोज, उगम अनिश्चित’ असे लिहिले आणि प्लास्टिकच्या एकूण संख्येतून एक वजा केला.