आमची वाटचाल : टॅलीपासून कासवांपर्यंत

सांगलीत मारुती चौकामागच्या गल्लीत २०१० साली आम्ही संगणकाचा क्लास काढला तेव्हा भांडवल म्हणजे सहा जुने संगणक, एक इन्व्हर्टर आणि बायकोच्या बचत गटाचं कर्ज. हिशेबाचं टॅली, एक्सेल, टायपिंग शिकवायचो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांतली पोरं संध्याकाळी यायची. पोटापुरतं निघत होतं.

भिंतीवर घरमालकाने २००५ च्या पुराची खूण करून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढायला लागल्यावर आम्ही त्या खुणेच्या दोन फूट वर फळ्या ठोकून सगळे संगणक चढवले आणि निर्धास्त बाहेर पडलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी गेलं ५७ च्याही वर. फळ्यांसकट सगळं बुडालं. नंतर गाळ उपसताना सातवीतला भाचा म्हणाला, "मामा, मागच्या वेळी एवढं आलं म्हणून या वेळीही एवढंच येणार, हे तुला कुणी सांगितलं?" उत्तर नव्हतं.

विश्रामबागला पहिल्या मजल्यावर जागा घेतली. भाडं जवळपास दुप्पट. तोवर लॉकडाऊन आला, आणि पाठोपाठ कोडिंगचं वेड. पालक विचारायचे, पोरगं ॲप कधी बनवणार? आम्हीही फळ्यावर कोड लिहून द्यायचो, मुलं बघून उतरवायची. पैसे मिळाले, पण खरं सांगतो, लाज वाटायची. भाच्याचा प्रश्न तसाच पडून होता.

मग नेटलोगो नावाचं सॉफ्टवेअर हाती लागलं. अमेरिकेत उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेलं, फुकट मिळणारं, जुन्या संगणकावरही चालणारं. पडद्यावर शेकडो ठिपके सोडायचे, प्रत्येकाला एकदोन साधे नियम द्यायचे आणि मिळून काय होतं ते बघायचं. या ठिपक्यांना तिथे कासवं म्हणतात. खालच्या चौकोनांना आमच्या मुलांनी 'वाफे' नाव दिलं. तासगावकडच्या पोरांना दुसरं सुचणार तरी काय!

एका मराठी शाळेत सहावी ते आठवीसाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस वर्ग सुरू केला. पहिली बॅच फसली. मी सूत्रांपासून सुरुवात केली आणि महिन्याभरात निम्मी मुलं कबड्डीला पळाली. पुढच्या बॅचला पहिले दोन आठवडे संगणकच लावला नाही. बत्तीस मुलं, एकाच्या हातात गुपचूप लाल चिठ्ठी. शिट्टी वाजली की कुणाशीही एकदा हात मिळवायचा. लाल चिठ्ठीवाल्याशी मिळवला की तुम्हीही लाल. प्रत्येक फेरीनंतर फळ्यावर आकडा : १, २, ४, ७, १३, २१, २८. एकाने विचारलं, दुप्पट होत होते, मग अडखळले का? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलाही नीट 'हजर' म्हणत नाही, ती म्हणाली, "आता लागायला उरलंय कोण, सर?"

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की साथ अशीच पसरते आणि ओसरते, आणि हाच विचार करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये गणितात मांडला, आणि ताळा करायला आकडे घेतले ते आपल्या मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे.

पुराचा विषय मात्र मुलांनीच काढला. वरच्या अंगाच्या कोयना धरणात साधारण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं. सेकंदाला एक लाख घनफूट, म्हणजे लाख क्युसेकने, दिवसभर सोडलं तर ८.६४ टीएमसी जातं. एकाने ऐटीत जाहीर केलं, "बारा दिवसांत धरण रिकामं!" दुसरा लगेच, "आणि वरून पाऊस पडतोय तो?" तिसऱ्याने हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा काढली. तासभर भांडण. काय धरायचं, काय सोडायचं, यावर मुलं भांडायला लागली की मी खडू खाली ठेवतो. पुरात ठोकलेल्या आमच्या फळ्यांचं गणित तिथेच चुकलं होतं.

धंद्याचं म्हणाल तर एका संस्थेने वर्षाची फी अजून दिलेली नाही. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत". नवीन शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, म्हणून शाळा आता दार तरी उघडतात. सध्या तीन शाळा, शहाऐंशी मुलं, महिना तीनशे रुपये, शिकवायला मी आणि दोन मुली; त्यातली एक आमच्याकडेच टॅली शिकलेली. जागेचं भाडं अजून टॅलीच भरते.

भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. परवा आला होता, मुलांचं पुराचं मॉडेल बघून म्हणाला, वारणेचं पाणी फारच कमी धरलंय. मुलांनी त्याला शनिवारी वर्गावर बोलावलंय, भांडायला.